माइकसमोर पोट बोललं

ताई पुस्तकं वाचायची. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून अख्ख्याच्या अख्ख्या कादंबऱ्या वाचायच्या आणि लोकांनी त्या कानाला लावून ऐकायच्या, असं तिचं काम. पन्नाशी जवळ आली होती, पण आवाज खणखणीत. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ बसत. मुंगी शिंकली तरी त्यांना ऐकू जायची, म्हणून त्यांचं नावच कानसेन पडलं होतं.

एका सकाळी कादंबरीतली नायिका शेवटच्या घटका मोजत होती. नायक तिचा हात धरून गप्प बसला, ताईही दोन क्षण थांबली, आणि त्या शांततेत 'गुर्रर्र' असा लांबलचक आवाज घुमला. कानसेनांनी यंत्र थांबवलं.

"ताई, हिला मरताना भूक लागलीय का?"

दोघंही पोट धरून हसले. पण नंतर हे रोजचंच झालं. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात पोट गुरगुरायचं, कंबरपट्टा काचायचा, आणि मग हातातलं पान तसंच टाकून ताई मार्गिकेच्या टोकाच्या स्वच्छतागृहाकडे पळायची. भूक असेल म्हणून तिने बिस्किटं खाऊन पाहिली, वारा असेल म्हणून आलं-लिंबू घेतलं. शेवटी वयाच्या माथी खापर फोडून ती मोकळी झाली.

मध्ये नवरा कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेला. तो जमिनींची मोजणी करायचा, त्यामुळे असं जाणं नेहमीचंच. त्या आठवड्यात ताईचं पोट इतकं गुणी झालं की कानसेनांना चुकल्यासारखं वाटू लागलं. नवरा परतला आणि दुसऱ्याच सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

ताईच्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्यासारखा नवरा, आणि तो घरी आला की पोट बिघडावं? हे सांगायचं तरी कोणाला? अखेर धीर करून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. वजन घटलंय का, रक्त पडतं का, ताप येतो का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "नवरा घरी असला की घरात आणखी काय असतं?"

ताईने बराच विचार केला. "कॉफी," ती म्हणाली.

लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने दुधाला फेस आणणारं यंत्र घेतलं होतं. तेव्हापासून तो रोज तिच्याआधी उठून निव्वळ दुधाची, फेसाची टोपी घातलेली मगभर कॉफी तिच्या हातात द्यायचा. तो नसला की ताई आळसाने कोरीच प्यायची.

मोठेपणी दुधातली साखर पचवायची ताकद पुष्कळांची कमी होते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. दोन आठवडे दूध बंद करा, मग एकदा पिऊन बघा, लागलं तर तपासणी करू. मुरलेलं दही कदाचित चालेल, थोडं खाऊन पाहा. पण हाडांसाठी पालेभाज्या, तीळ, मासे मात्र सोडू नका.

घरी सांगितल्यावर नवऱ्याचा चेहरा पडला. "म्हणजे इतके दिवस मीच तुला..."

"प्रेमाने दिलंस रे," ताई म्हणाली. "पोटाला प्रेम कळत नाही, त्याला दूधच कळतं."

दोन आठवडे सुखाचे गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी ताई पेलाभर दूध प्यायली आणि नवरा तिच्या पोटाला कान लावून बसला. जेवणाच्या आतच वाद्यवृंद सुरू झाला. आता नवऱ्याच्या अंगात संचारलं. सोयाचं दूध कॉफीत फाटलं, बदामाचं पाणचट लागलं, ओटचं ताईला आवडलं पण त्याला फेस येईना. शेवटी दुकानात लॅक्टोज, म्हणजे ती दुधातली साखर, काढलेलं दूध मिळालं आणि फेसाची टोपी पुन्हा मगावर चढली.

पुढच्या महिन्यात नणंदेने दोघांना जेवायला बोलावलं. जेवणानंतर वाट्या भरभरून आइस्क्रीम आलं. पूर्वी ताईने भिडेखातर संपवलं असतं. या वेळी तिने दोन चमचे खाल्ले, कारण भरल्या पोटी तेवढं चालतं हे एव्हाना तिला उमगलं होतं. वाटी बाजूला सारून तिने सरळ कारण सांगितलं.

नणंदेचा चमचा हवेतच राहिला. "गुरगुरतं, फुगतं आणि मग पळावं लागतं? वहिनी, मला वाटायचं जेवणानंतर सगळ्यांचंच असं होतं."

ताईने तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. मग दोघी डोकी जवळ आणून अशा काही कुजबुजत आणि खिदळत बसल्या की टेबलावर आणखी कोणी आहे याचं भानच उरलं नाही. नवऱ्याने हळूच दोघींच्या वाट्या आपल्याकडे ओढल्या आणि निमूटपणे खायला लागला.