कापडाखालची खापरपणजी

मी एक फोटो आहे. दीडशे वर्षं होत आली मला. माझ्यात सहा महिन्यांचं एक बाळ दिसतं आणि बाळाच्या मागे नुसता काळा उंचवटा. घरातली पोरं मला ‘भुताचा फोटो’ म्हणतात. दिवेलागणीला माझ्या खोलीत एकटं यायला कोणी धजत नाही.

खरं काय ते सांगतो. त्या काळी फोटो निघायला वेळ लागायचा आणि बाळं कसली स्वस्थ बसतात! म्हणून फोटोग्राफरने बाळाच्या आईलाच खुर्चीवर बसवलं, तिच्या डोक्यावरून जाड काळं कापड सोडलं आणि बाळ मांडीवर दिलं. "तुम्ही दिसायचं नाही, फक्त धरून बसायचं," तो म्हणाला. पुढे माझ्यावर अंडाकृती भोकाचा पुठ्ठा बसला आणि बाळाच्या छातीखालचं सगळं झाकलं गेलं.

ती आई नंतर घरात दिसलीच नाही. बाळ मोठं झालं तेव्हा त्याला सांगण्यात आलं, "तुझी आई तुला टाकून पळाली." त्याने ते मुलांना सांगितलं, मुलांनी त्यांच्या मुलांना. तिचं नावसुद्धा मागे राहिलं नाही. राहिला तो टोमणा. कोणती मुलगी जरा मनासारखं वागली, की ‘तिच्यावर गेलीस!’

बाळाच्या पणतीने नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा तिच्या आईनेही तेच ऐकवलं. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर येऊन उभी राहू लागली.

"कोण होतीस गं तू?" हळूच विचारायची.

मला बोलता आलं असतं तर!

एकदा काच पुसायला तिने मला उतरवलं. जुना पुठ्ठा सुटून हातात आला आणि ती मला खिडकीच्या उजेडात घेऊन गेली. कापडातून दोन हात बाहेर आले होते. एक बाळाच्या पोटावर. दुसऱ्याची करंगळी बाळाने मुठीत घट्ट धरलेली.

मग ती जुन्या नोंदींच्या कार्यालयात खेटे घालू लागली. काय सापडलं, ते तिने माझ्यासमोरच आईला सांगितलं.

"बाळाच्या जन्माच्या नोंदीत तिचं नाव मिळालं, पण पुढे काहीच नाही. मी उठणार, तेवढ्यात कारकून म्हणाले, ‘बाई, साथीतले मृत्यू वेगळे लिहिलेत, तेही बघा की.’ तिथे होती ती. फोटोनंतरच्याच महिन्यात तापात गेली, गावाबाहेरच्या इस्पितळात. साथीच्या घराशी कोण सोयरीक करणार? म्हणून घरच्यांनी लपवलं असणार. पळाली नव्हती, आई. तिला नेलं होतं."

आईने त्या हातांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "नाव काय तिचं?"

मुलीने सांगितलं.

"मोठ्याने सांग गं, ऐकू येत नाही मला."

मुलीने ओरडून नाव घेतलं. शेजारची खिडकी उघडली, एवढं मोठ्याने. इतक्या वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा घुमलं. आईने मुलीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

आता माझ्यावर पुठ्ठा नाही. चेहरा मात्र मलाही ठाऊक नाही. मी उमटलो तेव्हा कापड पडलेलं होतं. मुलगी अजून समोर येते, त्या काळोखात डोळे शोधते आणि मला वाटतं, आतूनही कोणीतरी तिला शोधतंय.

तुमच्या भिंतीवर असं एखादं एकटं बाळ असेल, तर पुठ्ठा काढून बघा.