बशीत वाढलेली लेक

मी कातडी बोलतेय. दचकू नका, कुणाच्या अंगावरून सोललेली नाही. मी काचेच्या बशीत वाढले. आकार शर्टाच्या बटणाएवढा, पण नखरे फार. ऊब अंगाइतकीच हवी आणि दिवसाआड ताजं गुलाबी पाणी हवं.

माझं मूळ एका सहा वर्षांच्या मुलीत आहे. जरा काही घासलं की तिच्या अंगावर फोड उठायचे. आईने तिला कधी घट्ट मिठी मारली नाही. प्रयोगशाळेतल्या ताईंनी तिचं थोडं रक्त घेतलं, त्यातल्या पेशींच्या मूळपेशी केल्या आणि पाच महिने डोळ्यांत तेल घालून त्यांतून आम्हा बहिणींना वाढवलं. तिचा आजार आमच्यात जसाच्या तसा उतरला. तो हवाच होता, औषध आधी आमच्यावर करून बघायचं होतं.

औषध लावायचं, बोथट काडीने घासायचं, फोडाची वाट बघायची. सहा औषधं वाया गेली. सातवं लावल्यावर मी तशीच्या तशी राहिले. ताई खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या. मुलीला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

त्यांनी आईला बोलावून घेतलं.

"आता हिला फोड येत नाही?"

"नाही."

"मग मी हात लावू?"

उघडा हात लागला की त्यावरचे जंतू बशीत शिरतात, मग आमचं काही खरं नसतं. हे नव्या माणसांना बजावून ताई थकल्या होत्या. शिवाय माझी महिनाभराची तपासणी बाकी होती. तरी त्यांनी झाकण काढलं.

"घाबरू नका. नीट लावा."

आईचं बोट आधी वरच थांबलं, सवयच तशी. मग टेकलं. तिने मला चांगलं दाबून कुरवाळलं. "बघ बाळा, काही झालं नाही," म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. मला काही जाणवत नाही, असं ताई मानतात. खोटं आहे ते.

त्याला आज तिसरा दिवस. पाणी गढूळ झालंय, माझ्या कडा विरघळताहेत. दुपारी मला जाळायच्या पिशवीत टाकतील. ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बहिणी आहेत, औषध पुढे जाईल, कुणाची तरी लेक वाचेल.

फक्त आईचा फोन आला, 'कशी आहे ती?' म्हणाली, तर छान आहे म्हणून सांगा. तिच्या हाताने मला काही झालं, हे तिला कधीच कळू देऊ नका.