आकडा दिसतो तसा

सगळी गल्ली त्यांना मीटरकाका म्हणायची, कारण एकतीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात दारोदार फिरून मीटरचे आकडे टिपले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुणाच्या घरी गेले की त्यांची नजर आधी नळाच्या पाइपाकडे जायची, मग माणसांकडे. खात्यातले बाकीचे लोक कुलूप लावलेल्या घरासमोरून पाय न थांबवता वहीत 'अंदाजे' असं लिहून मोकळे व्हायचे. काकांनी तो शब्द उभ्या नोकरीत एकदाही लिहिला नाही, आणि हे ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे. "आकडा दिसतो तसा लिहायचा." ऐकून ऐकून घरच्यांचे कान किटले होते.

त्या सकाळी मात्र ते स्वयंपाकघरात मान खाली घालून वाटाणे सोलत बसले होते, आणि बाहेरच्या खोलीत त्यांच्या सुनेचा कॉम्प्युटर मुका झाला होता.

सुनेला जन्मापासून दिसत नसे. त्यामुळे तिच्या कॉम्प्युटरला पडदाच नव्हता. टेबलावर कीबोर्ड, दोन लहान स्पीकर, टेबलाखाली डबा, संपलं. जे काही असेल ते मशीन तिला बोलून दाखवायचं, तेही इतकं भरभर की काकांना त्यातलं एक अक्षर कळत नसे. लग्नानंतर मुलाने ते जुळवून दिलं होतं, त्यात लिनक्स घातलं होतं, आणि पुढचं सगळं तिने आपलं आपण शिकून घेतलं होतं. मुलगा या वेळी कारखान्यात होता. पाळी सुटेपर्यंत त्याचा फोन कपाटात बंद.

एक संस्था तिला खडकांवरच्या व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण पाठवायची आणि ते ऐकून सून टाइप करून द्यायची. महिनाभर काम बघू, मग कायम करू, असं बोलणं झालं होतं. महिना आज संपत होता आणि शेवटचं व्याख्यान बाराच्या आत पोचायला हवं होतं. आवाजच नाही म्हटल्यावर व्याख्यानही ऐकू येईना आणि मशीनही काही सांगेना. बाकीच्यांचा स्पीकर बिघडला की फार तर गाणी बंद पडतात. हिचं सगळं दुकानच बंद पडलं होतं.

"बाबा, स्पीकरचा दिवा लागलाय का हो?"

"लागलाय. हिरवा."

तिने डब्यामागची स्पीकरची पिन काढली आणि टोकाला बोट लावलं. स्पीकर गुरगुरला. "म्हणजे हा जिवंत आहे," ती म्हणाली आणि पिन परत जागेवर बसवली. आवाज कमी-जास्त करायच्या कळा दाबून पाहिल्या. मग आवाजाचा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला; चुकलं तरी सांगायला कुणी नाही अशा शांततेत एकेक अक्षर मोजून टाइप करत. काहीच झालं नाही.

"सगळं मशीनच एकदा बंद करून चालू कर ना," काका आतून म्हणाले.

"तो आळशी माणसाचा उपाय, बाबा. बरं झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही. मग उद्या पुन्हा तेच."

काकांनी एक शेंग तीनदा सोलली. खाई त्याला खवखवे म्हणतात, तशातली गत होती. कारण तिच्या डोक्यावर दीड हात उंचीवर, भिंतीतल्या फळीवर, एक पडदा ठेवलेला होता. तो तिला ठाऊक नव्हता. सकाळी ती आंघोळीला गेल्यावर काकांनीच तो ठेवला होता, तिचा हात लागू नये म्हणून मुद्दाम वर. त्याची तार टेबलाच्या पायामागून घेऊन डब्यात खोचली होती.

हे खूळ त्यांच्या डोक्यात अक्काने भरवलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिच्या जिभेला हाड नाही. गेल्या आठवड्यात येऊन तासभर बसली आणि जाताना जिन्यात म्हणाली, "तुझी सून दिवसभर टकटक करते खरी, पण समोर तर काहीच नाही. खरंच काम करते, की नुसती वाजवत बसते?" काकांनी ते हसण्यावारी नेलं. पण शब्द कुसळासारखा आत रुतून राहिला. ती टाइप करते म्हणते, पण टाइप झालेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. अक्कानेच तिच्याकडचा जुना पडदा पाठवून दिला. एकदा बघून घ्यायचं आणि काढून टाकायचं, एवढाच त्यांचा बेत होता. ही नऊला कामाला बसली आणि आवाजच नाहीसा झाला. आता तिच्या गुडघ्यांना वळसा घालून तार काढणार कशी?

पडद्यामुळे आवाज गेला असेल, हे मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. पडदा दाखवतो, त्याचा आवाजाशी काय संबंध?

"बाबा, आता डोळे लागतील," सून म्हणाली. "कुणाकडून पडदा मिळेल का तासाभरासाठी?"

खरं सांगायची ही पहिली संधी होती, ती त्यांनी घालवली. "खाली शिंप्याकडे आहे जुना. आणतो," असं म्हणून ते चपला घालून खाली उतरले.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो प्रकार काकांनी त्या दिवशी अक्षरशः केला. शिंप्याचं दुकान अजून उघडलंही नव्हतं. ते जिन्याखाली उभे राहिले आणि सवयीने तिथले सहाही मीटर वाचून काढले. पुरेसा वेळ गेला असं वाटल्यावर रिकाम्या हातांनी, पण ओझं आणल्यासारखे धापा टाकत वर आले.

"सावकाश, बाबा. जड असेल," सून म्हणाली आणि त्यांना वाट द्यायला खुर्ची मागे सरकवली.

आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. त्यांनी उगाच तारेची खुडबुड केली, फळीवर दोनदा हात आपटला आणि पडद्याचं बटण दाबलं. "जोडला," ते म्हणाले. पडद्यावर काळ्या चौकोनात पांढरी अक्षरं उमटली.

"आता मी टाइप करते, तुम्ही फक्त दिसेल ते वाचा. अर्थ लावायचा नाही."

"ते मला सांगू नकोस," काका म्हणाले, आणि तेवढ्यापुरता त्यांचा आवाज खणखणीत झाला.

दोघांचं काम छान चाललं. ती टाइप करायची आणि काका एकेक अक्षर सुटं करून वाचायचे. ठिपका, आडवी रेघ, शून्य, काही सोडलं नाही. आवाज बाहेर पडायच्या वाटा किती आहेत, अशी यादी तिने मागवली होती. दोन निघाल्या. काकांनी दुसऱ्या ओळीतली चार अक्षरं वाचली: एच, डी, एम, आय. आणि त्याच ओळीच्या शेवटी 'चालू' अशा अर्थाचा शब्द होता.

"अच्छा," सून म्हणाली. "ती पडद्याची तार. त्या तारेतून आवाजही जातो. मशीनला वाटलं पडदा आलाय, त्यालाच आवाज देऊ. या पडद्याला स्पीकर नसणार, म्हणून सगळं तिथेच मुरतंय."

काकांचा हात फळीवरच राहिला. म्हणजे चोर हाच होता, आणि त्याला घरात घेणारे आपण.

पण सून कपाळाला आठ्या घालून बसली. "नाही, जमत नाही. पडदा तर तुम्ही आत्ता जोडलात, आणि आवाज नऊपासून नाही. आता गेलेला आवाज या तारेमुळे असेल, पण आधीचं कारण काही वेगळंच आहे. ते शोधावं लागेल." तिने घड्याळाच्या उघड्या काट्यांवर बोट फिरवलं. सव्वादहा. "तासभर तरी जाईल. एक करू या. मशीन नोंदवही ठेवतं. ही तार पहिल्यांदा कधी जोडली गेली, तेवढी ओळ काढते. दहानंतरची असेल तर पडदा निर्दोष, मी दुसरीकडे वळते."

तिने टाइप केलं. ओळ आली. ओळीच्या सुरुवातीला वेळ होती.

काकांनी ती पाहिली. खोलीत दोघंच होते आणि त्या दोघांत वाचता येणारा एकच. दहा वाजून पाच, एवढं म्हटलं असतं तरी ती मान डोलावून पुढच्या कामाला लागली असती. कुणालाही कधीच कळलं नसतं. फक्त ती नसलेलं कारण शोधत बसली असती, बारा वाजून गेले असते, आणि हातातोंडाशी आलेलं काम गेलं असतं.

"बाबा? किती दिसतायत?"

"सात," काका म्हणाले. मग थांबून, "एक्केचाळीस. शून्य सहा."

कीबोर्डवरची बोटं थांबली.

"सात एक्केचाळीसला मी आंघोळीला होते."

"हो. तेव्हाच जोडला मी. शिंप्याकडचा नाही तो. अक्काचा आहे." काकांनी फळीवरचा हात खाली घेतला. "तू खरंच काही लिहितेस का, ते बघायचं होतं मला. अक्का बोलली म्हणून, पण वाटलं ते मलाच. मघाशी खाली गेलो तोही खोटाच. चुकलो मी."

दोन वर्षांत ती या घरात एकदाही आवाज चढवून बोलली नव्हती. आत्ता बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

"तार काढा," ती म्हणाली.

त्यांनी वाकून तार काढली. पडदा विझला. क्षणभराने स्पीकरमधून तो भरभर आवाज धबधब्यासारखा बाहेर पडला, आणि तिने पाठ ताठ करून कानांवर हेडफोन चढवले. काका आत जाऊन वाटाण्यांसमोर बसले. बाहेर टकटक सुरू झाली ती थांबली नाही. सोलायचं सगळं संपल्यावर काकांनी वाटाणे मोजले, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून.

बाराला नऊ मिनिटं कमी असताना टकटक थांबली.

"गेलं," ती बाहेरून म्हणाली. मग, "बाबा, पडदा जोडा परत."

"नको. मी अक्काला परत देतो आजच."

"जोडा म्हणते ना."

तिने हेडफोन काढून ठेवले होते. त्यांनी जोडला. आवाज पुन्हा गप्प झाला. तिने न चाचपडता एक ओळ टाइप केली आणि आवाज परत स्पीकरमधून आला. पडद्यावर मात्र तिने टाइप केलेली अक्षरं तशीच होती, खडक, थर, लाव्हा, पानामागून पान. काका उभ्याउभ्या वाचत राहिले. शेवटच्या पानाच्या तळाशी महिनाभरातल्या एकूण पानांचा आकडा होता.

"तुम्ही दुसरी वेळ सांगितली असतीत तर मला कळलं नसतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"मला राग आलाय, बाबा. जायला वेळ लागेल."

"लागू दे."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. अक्का. तिला धीर कुठला. तिचा आवाज खोलीभर ऐकू जातो, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. "काय रे, पाहिलंस का? काही करते का ती?"

"पाहिलं," काका म्हणाले. "महिन्याभरात दोनशे अकरा पानं. अंदाजे नाही, बघून सांगतोय."

"बरं. तिला कळलं तर नाही ना?"

"कळलं. मीच सांगितलं."

"अरे, कशाला?"

"तिने आकडा विचारला," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

सून नवं ध्वनिमुद्रण उघडत होती. काम कायम झालं का ते अजून कळायचं होतं, पण पुढचं व्याख्यान आलेलं होतं. काका आत जायला वळले.

"बसायचं असेल तर स्टूल घ्या," ती त्यांच्याकडे तोंड न वळवता म्हणाली. "पण आलात की खोकायचं. न सांगता मागे उभं राहायचं नाही."

काकांनी स्टूल ओढलं आणि खोकले. तिने एक कळ पाच-सहा वेळा दाबली. मशीन बोलू लागलं, आणि काकांना पहिल्यांदाच त्यातला शब्द न् शब्द कळला. तिने मशीनच्या बोलण्याचा वेग कमी केला होता.