तार तुटल्यानंतरचं कडवं

"यंदा तिसरं कडवं मी म्हणणार," दाल्मोने सांगितलं तेव्हा वाग्नेर माइकची वायर गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"कुठल्या गाण्याचं?"

"'मागचं दार'चं."

आता वायर गुंडाळणं थांबलं. "लोक म्हणू देतील तुला?"

"गाणं माझं आहे."

"पहिली दोन कडवी तुझी," वाग्नेर म्हणाला. "तिसरं त्यांचं. त्यांना विचारलंस का?"

दुपारची वेळ होती. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते शहराच्या त्या जुन्या नाट्यगृहात दोन बायका खुर्च्यांच्या रांगांमधून झाडत होत्या. संध्याकाळी इथे त्याची मैफल होती आणि वाग्नेर ती रेकॉर्ड करणार होता. दाल्मोच्या सगळ्या मैफिली वाग्नेरनेच रेकॉर्ड केल्या होत्या. दोघांचेही केस आता पांढरे झाले होते.

दाल्मोच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डी फारशा कुणी ऐकत नसे. काचेआड एकटं उभं केलं की तो शाळेत कविता पाठ म्हणणाऱ्या मुलासारखा अंग चोरून गायचा, आणि ते ऐकू यायचं. लोक घेत त्या मैफिलींच्या रेकॉर्डी. त्यांत तो गाण्याआधी काहीतरी पुटपुटतो, खोकतो, स्टूल सरकवतो. बाल्कनीतून कुणी फर्माईश करतं, तो "ते मला येत नाही" म्हणतो, लोक हसतात, मग तो तेच गातो. स्वयंपाक करताना, इस्त्री करताना, लांबच्या प्रवासात या रेकॉर्डी इतक्या वाजल्या होत्या की गाण्यांइतकेच त्याचे खोकलेही लोकांना पाठ होते.

'मागचं दार'ची गोष्ट त्यातलीच. पहिल्या मैफिलीची रेकॉर्ड झाली तेव्हा हे गाणं तो वर्षभर कॉलेजांमधून गात होता, त्यामुळे समोरच्यांना ते येत होतं. तिसरं कडवं सुरू होणार तोच गिटारची तार तुटली. टण् असा आवाज झाला. दाल्मो "अरे देवा!" म्हणाला आणि हसला. तो नवी तार चढवत बसला, तेवढ्यात लोकांनी ते कडवं आपण होऊन म्हणून टाकलं, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. वाग्नेरने ते तसंच ठेवलं. रेडिओवर तेच वाजू लागलं. पुढच्या मैफिलीत तिसऱ्या कडव्यापाशी आल्यावर अख्खं नाट्यगृह तोंडाने "टण्!" करून ओरडलं, मग "अरे देवा!" झालं, आणि लोक गाऊ लागले. दाल्मोला हसू आलं. त्याने गिटारवरचे हात मांडीवर ठेवले. तेव्हापासून प्रत्येक गावात, प्रत्येक मैफिलीत हेच होत आलं होतं. ते कडवं दाल्मोने पुन्हा कधी म्हटलंच नव्हतं.

वाईट एवढंच होतं की ते कडवं त्याच्या आईचं होतं.

त्यांच्या मिनास प्रांतात घरचं माणूस पुढच्या दाराने येत नाही. पुढचं दार पाद्र्याचं, परक्याचं आणि शवपेटीचं. थोरला भाऊ जुरांदिर वडिलांशी भांडून साओ पावलोला निघाला तेव्हा आई फाटकापर्यंत गेली आणि त्याला जे बोलली, तेच दाल्मोने पुढे चालीत बसवलं:

पुढल्या दाराने येऊ नकोस, ते परक्यांचं.
मागून ये. चूल पेटलेली असेल.
कुणी काही विचारणार नाही.
आधी जेव.

आईने ती रेकॉर्ड ऐकली, आणि म्हणाली, "माझं बोलणं आलं की तू खिदळतोस."

"अगं आई, तार तुटली."

"तार मला दिसत नाही. मला तुझं हसणं ऐकू येतं."

त्यानंतर रेडिओवर ते गाणं लागलं की त्या जागेवर नेमका तिचा भात करपायला लागायचा आणि ती उठून आत जायची. मरेपर्यंत ते तसंच चाललं.

आता दाल्मोच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज कितपत राहील, असं विचारल्यावर डॉक्टर खिडकीबाहेर बघत हवापाण्याचं बोलला होता. म्हणजे आज होईल तीच शेवटची रेकॉर्ड.

मेकअपच्या खोलीत निल्से, त्याची थोरली बहीण, चीजच्या पावांचा डबा उघडून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणायचंच आहे तर घरी म्हण की. ओट्यापाशी उभा राहा, मी ऐकते. रेकॉर्ड कशाला?"

"आई रेकॉर्डवरच रागावली होती."

"आई आता कुठे आहे ऐकायला?"

"मी आहे ना."

निल्सेने एक पाव त्याच्या हातात दिला. "खा. रिकाम्या पोटी तुझा सूर चढतो."

मैफल चांगली रंगली. तो खोकला, लोक खूश झाले. "ते मला येत नाही" झालं. मग 'मागचं दार' आलं. दुसरं कडवं संपत आलं तेव्हा त्याने लोकांकडे न बघता वर छताकडे बघायचं ठरवलं होतं, आणि तसं बघितलंही. "टण्!" नाट्यगृह ओरडलं. आणि त्याला हसू आलं.

इतक्या वर्षांची सवय. हसू आलं ते आलंच. ते आवरून तो गायला लागेपर्यंत लोक दुसऱ्या ओळीवर पोचले होते. तो गायला. पण हजार माणसांपुढे त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना.

"झकास," बाहेर रेकॉर्डिंगच्या गाडीत बसलेला वाग्नेर त्याच्या कानातल्या यंत्रात म्हणाला. "चल पुढे."

रेकॉर्डिंगच्या मैफिलीत एखादं गाणं पुन्हा घ्यायला कुणाची हरकत नसते. लोकांना उलट आवडतं, तिकिटात एक गाणं जास्त मिळतं. त्यामुळे दाल्मोने "हे परत घेऊ या" म्हटल्यावर टाळ्या पडल्या.

"एक विनंती आहे," तो म्हणाला. "तिसऱ्या कडव्याला तुम्ही गप्प बसा."

मोठा हशा झाला.

"थट्टा नाही करत."

"मग आम्ही आलोय कशाला?" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं.

पुढच्या रांगेतली एक पांढऱ्या केसांची बाई उठून उभी राहिली. "दाल्मो, ते कडवं म्हणत म्हणत मी दोन मुलं वाढवली. आणि आता गप्प बस म्हणतोस?"

"बाई, मुलं चांगली निघाली का?"

"एक निघाला."

"मग दुसऱ्यासाठी म्हणून आज गप्प बसा."

सगळे हसले, बाईसुद्धा. हसू ओसरेपर्यंत दाल्मो गिटारच्या खुंट्या उगाच चाचपत राहिला. असं काही बोलायची त्याला सवय नव्हती.

"ते माझ्या आईचं बोलणं आहे," तो म्हणाला. "माझ्या भावाला उद्देशून. तिला वाटायचं मी त्याला हसतो. मला ते एकदा न हसता म्हणायचंय. तुम्ही टण् केलंत की मला हसू येतं. तेव्हा टण्सुद्धा नको."

बाई खाली बसली.

त्याने गाणं पहिल्यापासून घेतलं. पहिली दोन कडवी लोकांनी त्याच्याबरोबर म्हटली. मग ती जागा आली आणि नाट्यगृह गप्प झालं. ही शांतता त्याने आजवर ऐकली नव्हती. एक खुर्ची करकरली, ती कुठली हेही त्याला कळलं. तो गायला. पुढलं दार झालं, मागून येणं झालं. तिसऱ्या ओळीवर सूर वर जायचा होता, तिथे आवाज गेला. नुसता चिरकला असता तर चाललं असतं. तो आलाच नाही.

एरवी अशा वेळी तो लोकांकडे बघायचा आणि लोक उचलून घ्यायचे. आताही त्याने बघितलं. पांढऱ्या केसांच्या बाईने तोंडावर हात दाबून धरला होता. तिच्या शेजारचा माणूस ओठ हलवत होता, पण आवाज काढत नव्हता. गप्प बसायचं कबूल केलं होतं, म्हणून सगळे गप्प होते.

मग उरलेलं त्याने नुसतं बोलून टाकलं. कुणी काही विचारणार नाही. आधी जेव. चाल नाही, काही नाही. फाटकापाशी आई तशीच बोलली होती, थोडी घाईने. मग धृपदाचा ताल आला आणि लोकांनी इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाग्नेरच्या स्टुडिओत दोघांनी दोन्ही ऐकलं.

"पहिलं घेतो," वाग्नेर म्हणाला.

"दुसरं घे."

"दुसऱ्यात तू पडलायस, म्हाताऱ्या. बरं, असं करू. तेवढी एक ओळ आता इथे गा, मी आत बसवतो. कुणाला कळायचं नाही. सगळे करतात."

"आणि ते गप्प बसलेत ते? तेही इथे परत करायचं का?"

वाग्नेरने कॉफीचा कप उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. "लोक वैतागतील. टण् नाही म्हणजे काय!"

"वैतागू देत."

लोक वैतागले नाहीत. थोडे दिवस कुरकुर झाली, मग रेडिओवर नवं 'मागचं दार' वाजू लागलं. तोवर ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली आणि तिच्याबरोबर आवाजही. उरला तो वारा. शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढा. दाल्मोला वाटलं होतं तितकं त्याला वाईट वाटलं नाही. टेलिफोनवर बोलणं बंद झालं, ते बरंच झालं.

एका रविवारी दुपारी निल्से त्याला तिच्या गल्लीतल्या बारमध्ये जेवायला घेऊन गेली. घेवडा, भात, चरबीचे कुरकुरीत तुकडे, गार बिअर. फुटपाथवरच्या टेबलांवर नेहमीची माणसं होती आणि त्यांच्यात एक गिटारवाला होता. दाल्मोला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"तुमच्यासाठी एक," गिटारवाला म्हणाला, आणि त्याने 'मागचं दार' सुरू केलं.

सगळ्यांनी पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं, ग्लास पुसणारा मालकही सामील झाला. दाल्मो काट्याने भात गोळा करत ऐकत होता. आता टण् होईल म्हणून त्याने आधीच हसायची तयारी केली.

टण् झालं नाही. सगळे गप्प झाले. गिटार तेवढी वाजत राहिली, तेच दोन सूर, पुन्हा पुन्हा. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी बोलत होतं, त्याला दटावून गप्प केलं गेलं. आणि मग सगळ्यांची तोंडं दाल्मोकडे वळली.

त्याने हाताने खूण केली. म्हणा, म्हणा.

कुणी म्हणेना.

"अहो, त्याला आवाज नाही आता," निल्से म्हणाली. "तुम्हीच म्हणा की."

"छे, छे! या कडव्याला गप्प बसायचं असतं," गिटारवाला म्हणाला. बोटं मात्र तारांवर चालूच होती. "रेकॉर्डमध्ये तसंच आहे."

"रेकॉर्ड त्याचीच आहे!"

"म्हणूनच तर, ताई."

निल्से भावाकडे वळली. "बघ. आता काय करशील?"

गिटार पाचसहा वेळा फिरून तिथेच आली. गिटारवाल्याची घाई दिसत नव्हती; तो दुपारभर वाजवेल असं वाटत होतं. दाल्मोने काटा खाली ठेवला आणि तोंड पुसलं. मग त्या उरलेल्या वाऱ्याने त्याने ते कडवं म्हटलं, पहिल्या शब्दापासून. निल्सेने कान त्याच्या तोंडापाशी नेला होता. बाकीच्यांना त्याचे ओठ हलताना दिसले तेवढेच. मध्येच चढावरून एक बस गुरगुरत गेली आणि तिच्याखाली दोन ओळी गेल्या, पण तो थांबला नाही.

कडवं संपलं की नाही, हे कुणाला नक्की कळलं नाही. म्हणून धृपद सुरू व्हायला जरा उशीर झाला.