महिला टेनिससाठी माझ्या एकवीस सूचना

आमच्या टेनिस क्लबचा मी मानद सचिव. मानद म्हणजे पगार शून्य आणि रुबाब मात्र कलेक्टरचा. गेल्या महिन्यात अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "महिलांच्या सामन्यांना चिटपाखरू फिरकत नाही हो. आपल्या स्पर्धेतून महिला विभाग काढून टाकावा, असं कार्यकारिणीत सगळ्यांचं मत पडतंय. वाचवायचा असेल तर त्याची लोकप्रियता कशी वाढवायची, यावर एक अहवाल लिहा. स्पर्धेच्या आठवड्यातच बैठक घेऊन निकाल लावू."

मी लगेच 'लिहितो' म्हणालो. कारण माझी लेक याच विभागात खेळते. हौशी नाही, चांगली व्यावसायिक खेळाडू आहे. देशातली क्रमवारी सहाशे ऐंशी. या क्रमांकावर बाहेरच्या स्पर्धा दारात उभं करत नाहीत, गुण मिळवायला वर्षातून आमची एकच स्पर्धा तिच्या वाट्याला येते. ती गेली की लेकीचं टेनिस संपलं, इतका साधा हिशोब होता.

मग काय, बाप पेटून उठला आणि सचिव लिहायला बसला. आठ दिवसांत एकोणीस पानं खरडली. एकूण सूचना एकवीस. दोन गेमच्या मध्ये दणदणीत संगीत वाजवावं. कोर्टभोवती रंगीत दिवे लावावेत. सेट लहान करावेत, कारण लोकांना हल्ली धीर नाही. खेळाडूंनी हसावं. नुसतं हसून भागणार नाही, अधूनमधून पंचांशी भांडावं. आता कबूल करायला लाज वाटते, पण ही शेवटची सूचना लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की उठून दुसरा चहा टाकायला सांगितला.

"अहो," चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली, "पोरीचा एखादा सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी बघितलात हो तुम्ही?"

"मी संघटक आहे," मी म्हणालो. "संघटकाला बघत बसायला वेळ नसतो."

ती पहिला रिकामा कप उचलून आत गेली. ती बोलत नाही तेव्हा तिचं बरोबर असतं, हे मला लग्नाच्या तिसाव्या वर्षीही वेळेवर आठवत नाही.

स्पर्धा सुरू झाली. लेक पहिल्या दोन फेऱ्या जिंकून उपांत्यपूर्व फेरीत पोचली. सामना सकाळी दहाचा. आमच्याकडे महिलांचे सामने सकाळी आणि पुरुषांचे दुपारी एकपासून, हे वेळापत्रक मीच आठ वर्षं लावतो. त्याच संध्याकाळी पाचला बैठक होती. म्हटलं, नुसता अहवाल देऊन काय उपयोग, पहिली सूचना करूनच दाखवू. म्हणून एक भलामोठा लाउडस्पीकर भाड्यानं आणला. एरवी खेळाडू, पंच आणि मी, आम्ही सगळे भांडारघराशेजारच्या छोट्या दारानं आत जातो. त्या दारात हे धूड काही मावेना. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, हाताचं सालटं निघालं. शेवटी ढकलगाडीवर घालून वळसा घेतला आणि मुख्य फाटकाकडे गेलो. सकाळच्या वेळी त्या बाजूला मी आठ वर्षांत पहिल्यांदाच जात होतो.

फाटकाला कुलूप. आणि कुलपाबाहेर पंधरावीस माणसं गज धरून उभी.

सगळ्यात पुढे एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. गळ्यात मापाची टेप तशीच, सोबत दोन मुली.

"आत का जात नाही?" मी विचारलं.

"फाटक बाराला उघडतं ना! मला साडेअकराला दुकान उघडायचं असतं. दरवर्षी येतो आम्ही. इथून कोर्टाचा तो एवढा कोपरा दिसतो, बाकी आवाजावरून ओळखायचं." मग माझा लाउडस्पीकर न्याहाळत त्या म्हणाल्या, "कुठल्या गाढवानं हा नियम केलाय, देव जाणे."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? तो गाढव ढकलगाडी धरून त्यांच्यासमोरच उभा होता. सकाळी फिरायला येणारे लोक कोर्टावरून चालतात म्हणून आठ वर्षांपूर्वी मीच हुकूम काढला होता: मुख्य फाटक दुपारी बारापर्यंत बंद. फाटकवाला बाराला येतो, हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबून येणाऱ्यांची डोकी मोजतो आणि आकडा मला देतो. त्या आकड्यांवरून मी अहवालात कोष्टक काढलं होतं. गेल्या वर्षी महिलांच्या सामन्यांना आठवड्यात एकूण एकतीस प्रेक्षक. तेही बहुधा पुरुषांच्या सामन्यासाठी लवकर आलेले!

"चावी कुणाकडे असते हो?" त्यांच्या धाकटीनं विचारलं.

चावी माझ्याच खिशातल्या जुडग्यात होती. कुलूप काढलं, तेव्हा बाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की ते मी इथं लिहीत नाही.

लाउडस्पीकर फाटकापाशीच राहिला. मी त्या लोकांबरोबर पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि लेकीचा सामना पहिल्या चेंडूपासून बघितला. काय खेळते हो माझी मुलगी! डाव्या हातानं चेंडू असा काही कापते की समोरची नुसती वाकून बघत राहते. सर्व्हिस करण्याआधी चेंडू तीनदा आपटते, हेही मला माहीत नव्हतं. दुसरा सेट ती हरत आली होती. समोरचीनं जाळ्यालगत हळूच चेंडू टाकला आणि माझ्या शेजारून शिवणकामवाल्या बाई गरजल्या, "अगं पळ! पळ गं बाई!" लेक दचकली, पण पळाली आणि चेंडू उचलला. पायऱ्यांवर नुसता कल्ला झाला. तो सेट तिनं काढला. तिसरा मात्र टायब्रेकमध्ये हरली. कोणीही मधेच उठून गेलं नव्हतं. बाईंचं दुकान त्या दिवशी एक वाजता उघडलं. मला पोरीचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की टाळ्या वाजवताना कुठल्या कारणानं डोळे भरलेत ते कळेना.

पाचला बैठकीत मी उभा राहिलो. "अहवाल बाजूला ठेवा," मी म्हणालो. "लोकांना खेळ आवडतो. आपण त्यांना बाहेर कोंडून ठेवलं होतं. म्हणजे मीच." सगळी हकीकत सांगितली. कार्यकारिणी खो खो हसली. खजिनदारांच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. पण काम झालं. महिला विभाग राहणार, फाटक सकाळी नऊला उघडणार आणि महिलांची अंतिम लढत संध्याकाळी मुख्य कोर्टावर होणार. सगळे हात वर.

"आणि हो," अध्यक्ष म्हणाले, "अहवाल बाजूला कशाला ठेवायचा? आम्ही सगळ्यांनी वाचलाय. संगीत, दिवे राहू द्या, पण तुमची चौदावी सूचना फार व्यवहारी आहे. तीही मंजूर करून टाकू."

चौदावी कुठली ते मला आठवेना. पण एवढं कौतुक चाललं असताना विचारायचं कसं? मीही हात वर केला.

इतिवृत्त लिहायला घेतलं तेव्हा पान उघडलं. 'खालच्या क्रमांकाच्या खेळाडूंना बघायला कोणी येत नाही. तरी पुढील वर्षापासून क्रमवारीत पाचशेच्या आतील खेळाडूंनाच प्रवेश द्यावा.' खाली माझी सही, लफ्फेदार.

अध्यक्षांच्या मागे जिन्यापर्यंत धावलो. ते म्हणाले, "अहो, तुमचीच सूचना, तुमचंच मत. आता एकमतानं झालेला ठराव फिरवायचा म्हणजे वर्षभर थांबावं लागेल."

घरी आलो तर लेक गुडघ्याला बर्फ लावून बसली होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. फाटकाचं सांगितलं, मुख्य कोर्टाचं सांगितलं आणि चौदाव्या सूचनेपाशी येऊन घोटाळलो.

"माहितीये मला, बाबा," ती म्हणाली. "अहवाल टाइप करून मीच दिला होता ना तुम्हाला. चौदाव्यात एक वाक्य अर्धवट होतं, तेही पूर्ण केलं."

"अगं मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच.

तिनं बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला फिरवली.

"सही करायच्या आधी एकदा वाचाल, असं वाटलं होतं."