खुशबूने धरलेली एकादशी

दळणाचा डबा डोक्यावर घेऊन बेबीबाई निघाली, तशी तिच्या सहा वर्षांच्या नातीने, खुशबूने, दुपट्टा डोक्यावरून ओढला आणि कंबरेत वाकून चालायला लागली.

"आज मी बेबीबाई. तू खुशबू."

"बरं, आजी," बेबीबाई म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक. नातीच्या सोंगाला तो शोभून गेला.

ज्येष्ठातली निर्जळी एकादशी होती. पहाटेपासून बेबीबाईने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. हा उपास तिने खुशबूसाठीच धरला होता. पोरीला सिकलसेल, रक्ताचं जन्मजात दुखणं. याच दुखण्यात तिचा मोठा भाऊ अमर मागच्या वर्षी गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला पाणी पाजत राहा, उन्हात तर जास्तच. अंगातलं पाणी आटलं की दुखणं उठतं. म्हणून पाण्याची बाटली खुशबूच्या गळ्यात असायची.

लाखनीच्या चक्कीवर मंगलाबाई दळण घेऊन बसली होती. "काय वं बेबीबाई, पोट्टी आज वाकून काहून चालून राहिली?"

"पोट्टी नोको म्हणू," खुशबूने दटावलं. "मी बेबीबाई. गुडघे दुखतेत मायवं."

"अन् हे कोन?"

"हे माही नात. लय हट्टी हाये. दवाई घेत नाही."

मंगलाबाई हसून हसून लोळायची राहिली. बेबीबाईनेही लहान पोरीसारखं तोंड फुगवून दाखवलं.

पुढे धनीरामच्या दुकानात उद्याच्या पारण्यासाठी गूळ घेतला. सोंग बघून धनीरामने माठातून गिलास भरून खुशबूपुढे केला. "घे वं बुढे, पानी पे. किती तापून राहिलं."

"माही एकादस हाये," खुशबू म्हणाली. "पानी बी नाही चालत. माह्या नातीले पाज."

धनीरामने हसत गिलास बेबीबाईपुढे केला. आता आली का पंचाईत! तिने ओठ मिटूनच गिलास टेकवला आणि घशातून गटगट आवाज काढला. खुशबूने मान डोलावली. बेबीबाईला भरून आलं. एवढंसं लेकरू, पण एकादशी कशी धरतात ते जाणतं. खुशबूच्या पाण्याची काळजी तिला वाटली नाही, कारण रस्त्यात पोरीने दोनदा बाटली तोंडाला लावलेली तिने पाहिली होती.

परतताना ऊन डोक्यावर आलं. बांधापलीकडे धानाची खाचरं कोरडी, भेगाळलेली. नाल्यावरच्या पुलाशी खुशबू खाली बसली.

"मायवं, गुडघे फुटून राहिले माहे."

बेबीबाई हसली. ते बोलणं हुबेहूब तिचंच होतं. "आजी, चाल ना वं. मले भूक लागली."

खुशबू उठली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते, डोळे खोल गेले होते. बेबीबाईने डबा उतरवला आणि बाटली हातात घेतली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"तू पेली नाही?"

"तू बी तं नाही पेत."

"खेळ झाला आता, बेटा. पे."

"मी पेली तं एकादस मोडते. मंग खुशबू बरी नाही होत."

बेबीबाईने बाटली उघडली आणि स्वतःच मोठा घोट घेतला. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. "हे पाय, मीच मोडली. आता तू पे."

आजीच्या हातून देवच पडला असावा, तशी खुशबू बघत राहिली. मग ती प्यायली. पण दुखणं तोवर गुडघ्यांतून कंबरेत चढलं होतं.

ऑटोतून दवाखान्यात नेईपर्यंत पोर पदर चावत होती. नर्सने सलाईन लावलं. भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, म्हणाली, आणि गाडीसाठी फोन करायला गेली.

"आजी," खुशबूने विचारलं, "आता माह्यासाठी कोनता उपास धरशीन?"

बेबीबाई आठवू लागली. सोमवार महादेवाचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवार तिने अमर भरती झाला तेव्हा धरला होता, आणि रविवार त्याच्या शेवटच्या आठवड्यात. सोडला कोणताच नव्हता; नवा धरायला वारच उरला नव्हता.

तिने हळूच पोरीच्या पायावर हात ठेवला. पोर किंचाळली. बेबीबाईने हातही काढून घेतला.