हर्षदाची दहा मिनिटं

मी आसन बोलतंय. नाव ऐकून हरणाचं कातडं वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. उधन्याच्या वस्तीतल्या पुष्पाबाईंनी साड्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून शिवलेलं, एका बाजूनं जरा तिरपं, असं मी आहे. शिवलं ते जेवायला बसण्यासाठी.

पण त्यांच्या लेकीनं, हर्षदानं, मला खिडकीपाशी नेलं. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजातल्या सुवर्णा मॅडमनी तिला रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात श्वास सोडून तिचं सगळ्याकडे लक्ष होतं. कुकर, शेजारचा टीव्ही, नाकाची खाज. दोनदा तर बसल्या बसल्या घोरली.

हळूहळू तिला स्वतःचं मनातलं बोलणं ऐकू यायला लागलं. एका सकाळी आईला म्हणाली, मी स्वतःला इतक्या वेळा ‘ढ’ म्हणते, मैत्रिणीला एकदाही म्हणत नाही. पुष्पाबाईंनी विचारलं, हे कळायला डोळे मिटावे लागतात का.

मग वॉर्डात नको ते घडलं. लक्ष्मणकाका नावाच्या पेशंटला दोनदा सुई टोचूनही तिला शीर सापडली नाही. काकांचा हात काळानिळा झाला. पूर्वी अशी चूक झाली की ती पोटदुखीचं निमित्त करून चार दिवस घरी बसायची.

दुसऱ्या सकाळी ती माझ्यावर बसली आणि पोटभर रडली. मग घाबरलेल्या पेशंटशी बोलावं तसं स्वतःशी हळूच बोलली, "चुकलं गं. घाबरली होतीस तू. चल, त्यांना भेटून येऊ."

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं. तिनं माफी मागितल्यावर काकांनी दुखरा हात पांघरुणात सरकवला आणि दुसरा पुढे केला. म्हणाले, "हा घे पोरी. घाई करू नको." सिस्टर शेजारी उभ्या होत्या. या खेपेला शीर सापडली.

"आनि नसती सापडनी तं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"तरी उद्या वॉर्डात गेलेच असते, आई."

आता मी मधोमध विरलंय. हल्ली दुपारी डाळ शिजेपर्यंत पुष्पाबाई माझ्यावर डोळे मिटून बसतात. गुडघ्यांना आराम म्हणून, असं सांगतात. सांगू द्या. मला फक्त एक ठिगळ लावा, फेकू नका. या घरात आणखी एकीनं स्वतःशी गोड बोलायला आत्ता कुठे सुरुवात केलीय.